‘केदार’ या क्रियापदाचा पसारा

स्पॅनिशमधील ‘केदार’ हे क्रियापद शब्दकोशात ‘राहणे, उरणे’ अशा साध्या अर्थाने भेटते; परंतु त्याचा व्यवहारातील पसारा इतका मोठा आहे की, अर्थांची यादी पाठ करून ते कोणाला आत्मसात झाले असेल, असे वाटत नाही. त्याचा उगम ‘शांत करणे, स्वस्थ करणे’ अशा अर्थाच्या ‘क्विएतारे’ या लॅटिन क्रियापदात आहे आणि हालचाल थांबल्यावर जी स्थिती मागे उरते, ती दाखवणे हाच त्याच्या बहुतेक अर्थांचा गाभा आहे. ‘मे केदान स्येन पेसोस’ म्हणजे खर्च होऊन हाती शंभर पेसो उरले आहेत. ‘ते केदा ब्येन’ म्हणजे कपडा अंगावर चढवल्यावर तो शोभून दिसतो. आणि ‘दोंदे केदा’ असे विचारले जाते ते इमारत, गाव अशा जागच्या न हलणाऱ्या गोष्टींबद्दल, माणसाबद्दल नव्हे.

खरी कसोटी लागते ती ‘केदारसे’ या रूपापाशी, म्हणजे क्रियापदाला कर्त्याकडेच वळणारे सर्वनाम, ज्याला व्याकरणात आत्मवाचक म्हणतात, जोडले जाते तेव्हा. ‘केदो कोन आना’ याचा अर्थ, विशेषतः स्पेनमध्ये, आनाला भेटायचे ठरवणे असा होतो, तर ‘मे केदो कोन आना’ म्हटले की आनाजवळ थांबणे किंवा अनेकांतून तिलाच पसंत करणे असा अर्थ निघतो. एका ‘मे’ने वाक्य पार बदलते. हेच रूप आंधळे होणे, बहिरे होणे, विधुर होणे अशा स्थित्यंतरांसाठी येते, कारण तेथेही काही गमावल्यानंतर उरलेली अवस्था सांगायची असते. घटकाभर टिकणाऱ्या राग-आनंदासाठी मात्र सहसा ‘पोनेरसे’ हे वेगळे क्रियापद वापरतात.

मराठीभाषक विद्यार्थी ही सारी वळणे बहुधा इंग्रजीच्या वाटेने शिकतो आणि म्हणूनच अडखळतो, कारण इंग्रजीत प्रत्येक अर्थाला निराळे क्रियापद शोधावे लागते, मराठीचे ‘राहणे’ मात्र यांतील बऱ्याच जागा आपणहून भरून काढते. ‘केदा मूचो पोर आसेर’ याला ‘पुष्कळ करायचे राहिले आहे’ हे जवळजवळ शब्दशः जुळते. स्त्रीला गर्भ राहतो तेव्हा स्पॅनिशही ‘केदार’कडेच वळते, लॅटिन अमेरिकेत बहुधा ‘केदार एम्बारासादा’ आणि स्पेनमध्ये ‘केदारसे एम्बारासादा’ म्हणते, आणि मराठीत तर तिला ‘दिवस राहतात’. हे साम्य दोन भाषांच्या नात्यातून आलेले आहे, असा दावा अर्थातच करता येणार नाही, आणि भेट ठरवण्याच्या अर्थाशी ‘राहणे’ची साथ सुटते, हेही खरे, तरीही शिक्षकांनी वर्गात इंग्रजी प्रतिशब्द फळ्यावर मांडण्याआधी ‘राहणे’ची ही उदाहरणे विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावीत आणि पुढची ‘कोन’, ‘एन’, ‘पोर’ ही शब्दयोगी अव्यये क्रियापदापासून न तोडता त्याच्यासह शिकवावेत.