सराफाची टाकी आणि तेलाचा कारखाना

दिवाळीच्या तोंडावर परतवाड्याच्या सराफी पेढीवर जुने दागिने उजळण्यासाठी येतात, तेव्हा अनेकदा ते साबणाचे कोमट पाणी भरलेल्या एका लहान स्टीलच्या टाकीत ठेवले जातात. कळ दाबताच बारीक गुणगुण सुरू होते आणि नक्षीच्या खोबणीत वर्षानुवर्षे बसलेला मळ धुरासारखा पाण्यात उतरू लागतो. मोती आणि पाचू मात्र जाणता सराफ या टाकीत घालत नाही. मळ काढणारी शक्ती नाजूक रत्नाला इजाही करू शकते, हे त्याला ठाऊक असते. रसायन उद्योगात ध्वनीचा जो उपयोग होतो, त्याचे मर्म या टाकीतच आहे.

मानवी कान सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू शकतो. अशा टाकीच्या तळाशी बसवलेल्या चकत्या साधारण 40,000 वेळा कंप पावतात. दाब घटताच द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात आणि दाब वाढताच ते मिटतात. मिटताना त्यांच्या गाभ्यात निमिषमात्र सुमारे 5,000 अंशांपर्यंत तापमान चढते. सभोवतालचे पाणी मात्र कोमटच राहते. आगबोटींच्या पंख्यांची झीज अशाच बुडबुड्यांमुळे होते. त्यांच्या मिटण्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडले, तर 1927 मध्ये रिचर्ड्स आणि लूमिस या अमेरिकी संशोधकांनी ध्वनिलहरींचे रासायनिक परिणाम प्रसिद्ध केले.

तेल आणि पाणी एकजीव होत नाहीत, हे तेलाच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. साबणासाठी तेलाचे विघटन करून मेदाम्ले वेगळी करताना हीच अडचण येते. मुंबईतील माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि ज्येष्ठराज जोशी यांनी एरंडी व करडईच्या तेलावर बुडबुड्यांचा हा प्रयोग केला आणि 1993 मध्ये तो प्रसिद्ध केला. बुडबुड्यांच्या आघाताने तेलाचे थेंब बारीक होऊन पाण्यात पसरतात आणि विघटनाचा वेग वाढतो. या अभ्यासाचा दुसरा भाग व्यापाऱ्याच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. असे बुडबुडे ध्वनीवाचूनही निर्माण करता येतात. पंपाने द्रव अरुंद छिद्रांतून वेगाने सोडला, तरी दाब घटून तेच घडते, आणि ऊर्जाही कमी लागते.

ध्वनीची मर्यादा सराफाच्या टाकीतही पाहता येते. पोळ्या गुंडाळण्याचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद मिनिटभर टाकीत उभा धरला, तर त्याला काही ठिकाणी छिद्रे पडतात आणि काही भाग अगदी कोरा राहतो. दोन लिटरच्या टाकीतही ध्वनीचे बळ सर्वत्र सारखे पोहोचत नाही. मग दोन हजार लिटरच्या टाकीत ते कसे पोहोचावे? प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेल्या कितीतरी प्रक्रिया कारखान्याच्या दारात अडतात, त्या याच कारणाने.

वऱ्हाडात सरकीचे तेल आहे, संत्र्याची साल आहे. सालीतून सुगंधी तेल आणि पेक्टिन काढण्यासाठी ध्वनीचा उपयोग होऊ शकतो. उद्या एखादा विक्रेता असे यंत्र घेऊन पेढीवर आला, तर त्याला परत धाडण्याचे कारण नाही. परंतु काचेच्या भांड्यातील चमत्कार पाहून सौदा करण्याचेही कारण नाही. एक किलो मालामागे वीज किती लागते? पूर्ण क्षमतेचे यंत्र कोठे चालू आहे? कंप पावणाऱ्या धातूच्या टोकाची झीज किती होते आणि ते किती महिन्यांनी बदलावे लागते? झिजलेल्या धातूचा अंश मालात उतरतो काय? एवढेच काम पंप आणि छिद्रांची चकती करू शकणार नाही काय?

या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मिळाली, तर यंत्राचा विचार करावा. न मिळाल्यास भांडवल पेढीतच राहू द्यावे.