एका दिवसाचे विणकर

जरीपटका म्हणजे मराठ्यांचे जरीचे निशाण. त्याच नावाच्या आमच्या नागपुरी वस्तीतले आम्ही काही मित्र एक दिवस हातमाग शिकायला गेलो. करवती काठाच्या साडीत काठ आणि अंग एकमेकांत गुंतवायला तीन धोटे लागतात; आम्हाला एकही धड टाकता येईना. हौसेचे पैसे सगळ्यांनी आनंदाने मोजले. साडीची किंमत ऐकताच मात्र घासाघीस सुरू झाली!

मोमिन असो वा कोष्टी, १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून इथला विणकर गिरणीच्या स्वस्त कापडाशी झुंजतो आहे. त्याच्या कलेचे कौतुक जरूर करा, पण आधी तिचे दाम मोजा. नुसत्या कौतुकावर त्याची मुले मागावर कशाला बसतील?