कॅम्पातल्या पाहुण्याला दिल्लीचा परवाना कशाला?

युक्रेनमधली नागरी विमानसेवा २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे. तरी परदेशी स्वयंसेवक तिथे जातच असतात. पोलंडमधल्या शेमिश्लला रेल्वेत बसायचे, रात्रभर प्रवास करून कीव्हला उतरायचे, औषधे किंवा जनरेटर पोचवायचे आणि वाटेत ल्विव्हला मित्राकडे मुक्काम करायचा. युरोपीय संघाच्या आणि अमेरिकेच्या नागरिकांना तिथे ९० दिवसांपर्यंत व्हिसाही लागत नाही. रात्री संचारबंदी असते, भोंगे वाजतात. पण मित्राच्या दारापर्यंत जाता येते.

आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात लढाई नाही. तरी गोठणगावच्या तिबेटी कॅम्पात परदेशी माणसाला असे सहज जाता येत नाही. या वसाहतीत जायचे तर त्याला आधी केंद्रीय गृह मंत्रालयाचा संरक्षित क्षेत्र परवाना काढावा लागतो. अर्ज दिल्लीला जातो आणि त्यात महिने निघून जाऊ शकतात. मुलांना इंग्रजी शिकवायला येऊ पाहणाऱ्या स्वयंसेवकाला हाच नियम. आणि कॅम्पात वाढून पुढे कॅनडाचा किंवा स्वित्झर्लंडचा नागरिक झालेल्या मुलालाही हाच. आईला बरे नाही असा फोन आला, तर त्याने तिकीट काढायचे की परवान्याची वाट बघायची? स्वयंसेवक दुसरीकडे जाऊन शिकवील. या मुलाला दुसरी आई नाही.

ही वसाहत १९७२ साली वसली, तेव्हा आपला गोंदिया जिल्हाच नव्हता. १ मे १९९९ ला तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या कागदांत मात्र ही वसाहत अजून भंडाऱ्याच्याच नावाने ओळखली जाते. नॉर्ग्येलिंग हे तिचे नाव, इटियाडोह धरण तिच्या शेजारी. हिवाळा लागला की इथली कुटुंबे स्वेटर विकायला शहरोशहरी जातात. पन्नास वर्षांत इथेच जन्मलेल्या पिढ्या मोठ्या झाल्या, त्यातली मुले परदेशी गेली. आपल्या गावातली पोरे पुण्याला जातात तशीच. फरक एवढाच, की आपल्या पोरांना घरी यायला कुणाची सही लागत नाही.

सुरक्षेचा मुद्दा मी हलका मानत नाही. या पट्ट्याने नक्षलवादाची झळ सोसली आहे आणि निर्वासित तिबेटींवर चीनची नजर असते, हेही खरे. म्हणून आल्यागेल्याची नोंद हवीच. पण तिची सोय आधीपासून आहे. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की यजमानाने त्याची नोंद करून २४ तासांत कळवायचे असते, मग ते हॉटेल असो की घर. तोच पाहुणा जवळच्या नवेगाव बांधला पक्षी बघायला राहिला, तर एवढ्या नोंदीवर भागते. कॅम्पातल्या घरी उतरला की ती अपुरी कशी ठरते?

जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक हेच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारीही असतात. जवळचे नातेवाईक आणि ओळखीच्या हमीवर येणारे स्वयंसेवक यांना ३० दिवसांपर्यंतची परवानगी त्यांनीच आठवड्याच्या आत द्यावी, आणि आजारपण असेल तर त्याच दिवशी. नियम केंद्राचा आहे, तेव्हा भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी हा प्रश्न लोकसभेत विचारला पाहिजे. जिल्हा परिषदेनेही तसा ठराव करून दिल्लीला पाठवावा.