रनरला दोन आणे, वाटेला शून्य

टपाल सप्ताह आला की तिकिटांचं प्रदर्शन भरतं आणि डाकेच्या वैभवाची भाषणं होतात. यंदाही झाली. सिंध डाक १८५२, पहिलं हवाई टपाल १९११, टाळ्या, चहा. कोल्हापुरातून कोकणात उतरणाऱ्या आमच्या घाटांचं नाव कुणी घेतलं नाही.

हे १९११ चंच बघा. १८ फेब्रुवारीला आंरी पेके या फ्रेंच वैमानिकानं साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं अलाहाबादच्या प्रदर्शनातून यमुनेपलीकडं नैनीला नेली. अंतर सुमारे दहा किलोमीटर. म्हणजे कोल्हापुरातून निघालं तर पन्हाळ्याची निम्मी वाट. या हौसेच्या फेरीला पन्नास वर्षं झाली म्हणून १९६१ मध्ये तीन तिकिटं निघाली!

आता १९३७ ची सहाव्या जॉर्जची माला काढा. दोन आण्याला रनर, तीन आण्याला टांगा, चार आण्याला आगगाडी, बारा आण्याला विमान. यातला रनर कुठून कुठं निघालाय? तिकिटावर पत्ता नाही. फोंडा, आंबा, बावडा, घाट कुठलाही असो. चाक अडलं की पिशवी माणसाच्याच खांद्यावर आणि हातात घुंगरं बांधलेला भाला. तेही रोज, ऐन पावसाळ्यात. विमानाला गाव मिळालं, तारीख मिळाली, वैमानिकाचं नाव राहिलं. रनरला नुसता हुद्दा.

असं का, यावरचं माझं मत तुम्हाला पाठ आहे. कोकण आणि देश जोडणारी वाट सरकारदरबारी वाट म्हणून धरतच नाहीत. १८९१ साली मिरजेहून रूळ कोल्हापुरात आले आणि स्टेशनात थांबले. अजून तिथंच थांबलेत. तिथून पुढं कोकणातल्या वैभववाडीची १०७ किलोमीटरची रेल्वे २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात आली, तेव्हापासून कागदावर वेळेत धावते. तिकिटांच्या लेखात पुन्हा रेल्वे कशाला, अशी पत्रं येतील. येऊ देत, टपालखात्याचा तेवढाच धंदा.

खात्याला एवढंच सांगणं: पुढच्या तिकिटावर रनरचं चित्र नको, वाटेचा नकाशा छापा. कोल्हापूर, कळे, गगनबावडा, वैभववाडी, गावांची नावं स्वच्छ वाचता येतील अशी. पहिला संच रेल्वे मंत्रालयाला पाठवा. स्पीड पोस्टानं.