गुलाबी साडीचा फोटो

लग्नसराई आली की आमच्या कळवणात दोन आवाज सकाळपासून सुरू होतात. एक बाजार समितीकडे निघालेल्या कांद्याच्या ट्रॅक्टरांचा आणि दुसरा हळदीच्या मांडवातल्या डीजेचा. ट्रॅक्टरांचं राहू द्या. आज डीजेवरच्या गाण्यांबद्दल बोलू या. त्यातल्या एका गायकाची मी चाहती आहे, आणि चाहतीनं नुसत्या टाळ्या वाजवू नयेत, चार शब्द परखडही बोलावेत, असं माझं मत आहे.

गायक म्हणजे संजू राठोड, आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचं ‘गुलाबी साडी’ आलं आणि तेव्हापासून त्या गाण्याशिवाय हळद लागली असं एक घर दाखवा! संगीत त्याचा भाऊ करतो, ‘जी-स्पार्क’ या नावानं. कुठल्या सिनेमाचा आधार नाही, मोठ्या नटनटीचं नाव नाही, आणि तरी मराठी गाणं देशभर वाजलं. आपल्याला कौतुक वाटायला एवढं पुरे नाही का?

१९८१ साली नाझिया हसनचं ‘डिस्को दिवाने’ आलं ते तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. तेव्हा गाणी कॅसेटवर यायची. एक बाजू संपली की उलटी करायची, फीत अडकली की पेन्सिलीनं गुंडाळायची. आता गाणी सुटी सुटी येतात, मोबाईलवर. म्हणून मी मनातल्या मनात या गायकाच्या चार गाण्यांची एक कॅसेट भरून ठेवली आहे. पहिल्या बाजूला ‘नऊवारी’ आणि ‘गुलाबी साडी’, दुसऱ्या बाजूला ‘काळी बिंदी’ आणि २०२५ मध्ये आलेलं ‘शेकी’.

आता या कॅसेटबद्दल माझं मत ऐका.

पहिली गोष्ट ठेक्याची. २०१६ सालच्या ‘सैराट’मधलं अजय-अतुलचं ‘झिंगाट’ लागलं की उड्या माराव्याच लागतात. ते पोरांचं गाणं. पाठीला पट्टा आणि गुडघ्याला तेल लावणाऱ्या बाईनं ते लांबूनच ऐकावं! ‘गुलाबी साडी’चा ठेका मात्र साडी नेसलेल्या बाईला पेलवतो. निऱ्या सुटत नाहीत, दम लागत नाही आणि चार पावलं येत असली तरी भागतं. म्हणूनच ज्या बायका आजवर खुर्चीत बसून ताटं मोजायच्या, त्या या गाण्याला उठल्या. माझ्या मते हेच या गाण्याचं सगळ्यात मोठं यश आहे.

दुसरी गोष्ट शब्दांची. नऊवारी, साडी, टिकली! नुसती नावं वाचली तर बस्त्याची यादी वाटावी. बाई म्हणजे तिचा साजशृंगार, एवढ्यावरच गाणं थांबतं, ही माझी तक्रार आहे. पण ‘गुलाबी साडी’त एक गंमत आहे, नीट ऐका. तिथे बाई लाजून उभी नाही. आपण छान दिसतोय हे तिला ठाऊक आहे, आणि ती आपल्या माणसाला हक्कानं सांगते की माझा फोटो घे. लग्नाला वीस वर्षं झालेल्या किती बायका असं सांगतात हो? आपण तर फोटोत कायम मागच्या रांगेत, नाहीतर कडेवरच्या मुलामागे.

आता हे सगळं बाईच्या तोंडी घातलंय आणि गातोय पुरुष. पण त्यात नवीन काही नाही. पेशवाईच्या अखेरीस राम जोशी, होनाजी बाळा या शाहिरांनी लावण्या रचल्या, त्या बाईच्याच तोंडच्या की! बाईनं स्वतः रचलेलं गाणं हवं असेल तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावं लागतं. अशी ठेक्याची गाणी एखाद्या खानदेशी पोरीनं लिहावीत आणि गावीत, ही माझी जुनी इच्छा आहे.

‘शेकी’बद्दल थोडं उलटं म्हणेन. ठेका आणखी जोरकस आहे, ईशा मालवीय नाचलीयही झोकात. पण त्यात तो बघतो आणि तिच्या कमरेचं, चालीचं कौतुक करतो. ‘गुलाबी साडी’तली बाई स्वतः सांगते, इथे तिच्याबद्दल सांगितलं जातं. नाचायला दोन्ही चालतील, पण मला विचाराल तर पहिली बाजू मी पुन्हा पुन्हा लावीन.

हा फरक मी एवढा उगाळते आहे, त्याला कारण आहे.

गेल्या लग्नसराईत आमच्या आळीतली एक बाई पुतण्याच्या हळदीला याच गाण्यावर नाचली. चाळिशीची, दोन मुलांची आई. छान नाचली. सासूबाईंनी स्वतः टाळ्या धरल्या होत्या. पाहुण्यांतल्या कुणा पोरानं ते मोबाईलवर टिपलं आणि न विचारता स्टेटसला ठेवलं. तिथून ते कुठकुठे गेलं. दोन दिवसांनी नवऱ्याच्या दुकानात गिऱ्हाईक हसत म्हणालं, “काय शेठ, वहिनी जोरात!” झालं. घरात आठवडाभर अबोला. पुढच्या लग्नात ती बाई मांडवात होती, पण पंगतीत वाढायला. गाणं लागलं तेव्हा तिनं मान वर केली नाही.

सांगा, तिचं काय चुकलं? नाचणं तर आपल्याकडे नवं नाही. मंगळागौरीला झिम्मा-फुगडी आहे. श्रावणात खानदेशात कानबाईला निरोप देताना बायका भर रस्त्यात नाचतात आणि सगळं गाव हात जोडतं. आमच्या तालुक्यातल्या कोकणा घरांतून पावरीच्या सुरावर बायका-पुरुष एकत्र फेर धरतात. तेव्हा कुणाची अब्रू जात नाही. मग हळदीतच का जावी?

बिघडलं ते नाचानं नाही. गाण्यातली बाई फोटो काढायला सांगते. या बाईनं सांगितलं नव्हतं. मागितलेला फोटो आणि चोरून घेतलेला फोटो एक नव्हे. नवऱ्यानंही रागवायचंच होतं, तर त्या पोरावर आणि त्या गिऱ्हाइकावर रागवायला हवं होतं.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या घरी कार्य असेल तर एवढं करा:

बायकांचा नाच सुरू होण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं, मोठ्या जाऊबाईंनी किंवा आत्याबाईंनी, माईकवरून सांगावं, “पोरांनो, मोबाईल खिशात. विचारल्याशिवाय कुणाचं चित्रण नको.” मोठ्या माणसाचा शब्द मांडवात अजून चालतो.

चित्रण हवंच असेल तर घरच्या एकाच मुलीकडे ते काम द्या. ज्यांनी त्यांनी पाहून ‘हो’ म्हटलं की मगच पुढे पाठवायचं.

कुणी न विचारता टाकलंच, तर गप्प बसू नका. त्याच्या आईला फोन करा आणि काढायला लावा. सोबत घाणेरडं काही लिहिलं असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांसाठी वेगळा विभागही आहे.

डीजे रात्री दहाला बंद झालाच पाहिजे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. शेजारच्या घरात आजारी माणूस असतं, परीक्षेचं पोर असतं.

आणि साडीचं म्हणाल, तर नाचायला भरजरी शालू नको. हलकी जॉर्जेट किंवा सुती नेसा. निऱ्यांना आतून एक पिन, खांद्यावर दोन, पदर कमरेला खोचलेला, मंगळसूत्र ब्लाऊजला अडकवलेलं. चपला काढून ठेवा, पण कुठे काढल्या ते लक्षात ठेवा!

राहता राहिला नवरा. त्याला आधीच सांगून ठेवा की यंदा मी नाचणार आहे. आणि फोटोही त्यालाच काढायला सांगा. ज्यानं स्वतः उभं राहून फोटो काढला, तो दुकानात कुणी हसलं तर उत्तर द्यायला कमी पडत नाही.

पुढच्या आठवड्यात, पोत्यात भरून ठेवलेल्या घरच्या कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून काय करायचं, ते पाहू.