वॅट किती, हे विचारणं आधी बंद करा!

गणपती जवळ आले की आपल्या तालुक्यात एकच प्रश्न, "वॅट किती?" आणि निवडणूक आली की दुसरा, "मोठा प्रकल्प कधी?" दोन्हींमागचा रोग एकच. मोठं तेच चांगलं!

मित्रांनो, एक खरी गोष्ट सांगतो. पीटर वॉकर नावाच्या माणसाने 1936 साली लंडनमध्ये छोटी कंपनी काढली. माल काय? सभा-समारंभात लागणारे अ‍ॅम्प्लिफायर. म्हणजे आपले मंडपवाले लावतात तसलेच! महायुद्धात बॉम्ब पडून जागा गेली. 1941 मध्ये सगळं बिऱ्हाड हंटिंग्डनला हललं. केंब्रिजजवळचं एक छोटं बाजाराचं गाव. त्या गावातून जगभर गेलेलं नाव म्हणजे 'क्वाड'.

1953 चा त्यांचा 'क्वाड टू', व्हॉल्व्हवर चालणारा. ताकद? फक्त 15 वॅट. आपला डीजेवाला पोट धरून हसेल. पण घरात बसून गाणं ऐकायला तेवढी पुरते. वॉकरचा हट्ट एवढाच की, मूळ आवाजात यंत्राने स्वतःच्या पदरचं काही घालू नये. 1967 ला ट्रान्झिस्टरवरचा '303' आला, तो 1985 पर्यंत बनत होता. 18 वर्षं तेच मॉडेल! दरवर्षी नवा डबा, नवे दिवे, असला धंदा नाही. 1975 च्या '405' मध्ये तर गंमतच. दांडगा भाग ओझं ओढतो, बारका पण अचूक भाग त्याच्या चुका निस्तरतो. या युक्तीला 1978 साली राणीच्या नावाचा पुरस्कार मिळाला.

कोणी म्हणेल, "ते इंग्लंड आहे हो." अहो, हात आपल्याकडेही आहेत. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारी, जळालेला बोर्ड जिवंत करणारी पोरं गल्लीबोळात बसलीत. पण त्यांना आपण काम काय देतो? काचा हादरवणारी भिंत बांधायचं! मागणी तशी, तर माल तसा.

दुसरे म्हणतील, "क्वाड तरी कुठे टिकली? विकली गेलीच ना!" खरंय. 1997 मध्ये ती चिनी मालकांच्या समूहाकडे गेली, उत्पादनही तिकडे गेलं. पण विकायला तरी आधी नाव कमवावं लागतं. आपल्याकडे विकण्यासारखं काय आहे? फक्त जमिनी!

म्हणून नेतेमंडळींना जाहीर विचारतो. हजार एकरांचा प्रकल्प आणाल तेव्हा आणा. त्याआधी दहा-वीस छोटे गाळे, न जाणारी वीज आणि मोजमापाची एक साधी प्रयोगशाळा देता का?

आणि आपण? यंदा वर्गणी देताना वॅट विचारू नका. आवाज स्वच्छ आहे का, ते विचारा. सुरुवात तिथून होते.