कोपनहेगन येथें चार दिवस, एकट्यानें

गेल्या अंकांत हें पान रिकामें राहिलें, त्याबद्दल वाचकांची क्षमा मागतों. त्या सुमारास मी स्वदेशीं नव्हतों. आमचे चिरंजीव जर्मनींत हांबुर्ग शहरीं नोकरीस असतात. त्यांच्याकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला, आणि त्यांतले चार दिवस मीं डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें काढले. बेत सर्वांनीं मिळून जाण्याचा होता. ऐन वेळीं चिरंजीवांची रजा नामंजूर झाली. कुटुंब नातवाला सोडून हलेना. तिकिटें मात्र काढलेलीं होतीं. "मग मी एकटाच जाऊन येतों," असें मीं म्हटलें, तेव्हां घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं.

ह्या स्तब्धतेचें कारण आमच्यासारख्या घरांतील वाचकांना निराळें सांगावयास नको. ज्या वाड्यांत मी वाढलों तेथें सणाला तीस पानें मांडलीं जात. काशीला गेलों तोही बारा माणसांच्या मेळाव्यानें. सहासष्ट वर्षांच्या आयुष्यांत परगांवीं एकट्यानें जेवावयास बसल्याचा प्रसंग मला आठवत नाहीं. आतां त्याच वाड्यांत दोन चुली आहेत, हेंही येथेंच सांगून टाकतों, कारण पुढें त्याची गरज लागणार आहे. तीन वर्षांपूर्वीं वाटणी झाली. वडील बंधु, ज्यांना आम्ही दादा म्हणतों, ते खालीं राहतात आणि मी माडीवर. ज्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसवून दादांनीं लहानपणीं मजकडून शब्दरूपावली पाठ करवून घेतली, त्याच जिन्यांत हल्लीं गांठ पडली म्हणजे एक जण बाजूस सरतो, दुसरा उतरतो, आणि बोलणें होत नाहीं. वादाचें मूळ मीं एकदां कागदावर लिहून पाहिलें. तें साडेतीन ओळींत संपलें, म्हणून कागद फाडून टाकला.

हांबुर्गहून कोपनहेगनला आगगाडीनें सुमारें पांच तास लागतात. वाटेंत ओडेन्स हें गांव लागतें. मुलांच्या कथा लिहिणारा हान्स ख्रिश्चन अँडरसन तेथें १८०५ सालीं जन्मला. पुढें एक रुंद सामुद्रधुनी आहे. ती गाडी कांहीं अंतर पुलावरून आणि कांहीं अंतर समुद्राच्या तळाखालील बोगद्यांतून ओलांडते. १९९७ सालीं हा मार्ग खुला होण्यापूर्वीं गाडीचे डबेच जहाजावर चढवून पलीकडे नेत असत. आतां कानांत किंचित् दडा बसतो, एवढेंच समुद्राचें भान.

कोपनहेगनला उतरतांच मीं एक लहानसा डेनिश शब्दकोश विकत घेतला. चार दिवसांचा माझा सोबती तोच. पहिल्या सायंकाळीं न्यूहाव्न नांवाच्या धक्क्यावर गेलों. सतराव्या शतकांत पांचव्या ख्रिश्चन राजानें शहराच्या मध्यापर्यंत हा कालवा खणविला. दोन्ही बाजूंस लाल, पिवळीं, निळीं अरुंद घरें, पाण्यांत जुन्या शिडांचीं गलबतें, आणि कांठावर खाणावळींची गर्दी. अँडरसन ह्यांतल्या तीन घरांत निरनिराळ्या वेळीं राहिला होता. शब्दकोश काढून पाहिला, तों न्यूहाव्न म्हणजे "नवें बंदर". त्यांतला "न्यू" हा आपला "नव"! मग मला तो नादच लागला. डेनिश लोक निम्मा उच्चार गिळून टाकतात, म्हणून मी त्यांच्या लेखनावरून देतों: "नाव्न" म्हणजे नाम, "नात" म्हणजे नक्त अर्थात् रात्र, "फोद" म्हणजे पाद, "तांद" म्हणजे दंत. दुकानाच्या दारावर "दोर" लिहिलेलें दिसलें, तें द्वार. आणि मग घरांतलीं माणसें येऊं लागलीं. फादेर, मोदेर, ब्रोदेर, सोस्तेर, सोन, दात्तेर. पिता, माता, भ्राता, स्वसा, सूनु, दुहिता. सबंध घर त्या खिशांतल्या पुस्तकांत नांदत होतें.

मे महिन्याची अखेर होती. घड्याळांत नऊ वाजून गेले तरी ऊन घरांच्या माथ्यावर होतेंच. सायंसंध्या केव्हां करावी हा प्रश्न मीं घड्याळावर सोपविला. सूनबाईंनीं दिलेल्या दशम्या कालव्याच्या कांठीं बांकावर बसून खाल्ल्या. शाकाहारी मनुष्याचें तेथें फार अडतें असें मात्र नाहीं. राईच्या काळ्या, जड पावाच्या कापेवर लोणी लावून त्यावर नाना प्रकार रचण्याची त्यांची चाल आहे. बहुतेक प्रकार मासळीचे व मांसाचे; परंतु उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांचा एक प्रकार मिळतो, आणि तो मीं पुढील तीन दिवस भक्तिभावानें खाल्ला. आसपास कितीतरी माणसें एकएकटीं जेवीत होतीं. त्या देशांत एकटें राहणारीं माणसें पुष्कळ आहेत, आणि त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. मला मात्र कोणी तरी वाढावयास येईल असें उगीच वाटत राहिलें.

दुसरा दिवस गोल मनोऱ्यावर गेला. चौथ्या ख्रिश्चन राजानें तो १६३७ ते १६४२ ह्या काळांत बांधविला. उंची सुमारें ३५ मीटर. ह्याची मौज अशी कीं, आंत जिना नाहीं! विटांची रुंद चढण साडेसात वळसे घेत वर जाते, आणि अगदीं शेवटीं मात्र थोड्याशा अरुंद पायऱ्या आहेत. रशियाचा पीटर बादशहा १७१६ सालीं ह्या चढणीवरून घोड्यावर बसून गेला. माझ्या गुडघ्यांनीं राजाला मनापासून दुवा दिला. मनोऱ्याच्या दर्शनी अंगावर सोनेरी अक्षरांत एक कूट आहे, आणि तें राजानें स्वतः रचलें. कांहीं शब्द लॅटिन, देवाचें नांव हिब्रू लिपींत, न्यायाच्या जागीं तलवारीचें चित्र, आणि हृदयाच्या जागीं लाल हृदयच. विद्या आणि न्याय हीं राजाच्या हृदयांत वळवावींत, अशी ईश्वराची प्रार्थना त्यांतून निघते. आपल्याकडील चित्रकाव्यावर पोसलेल्या मनुष्याला तेथून पाय काढवेना. खालीं विकावयास ठेवलेलें त्या कुटाचें चित्र असलेलें एक कार्ड मीं घेतलें. कोणास लिहावयाचें, हें ठरविलें नव्हतें.

मनोऱ्याच्या माथ्यावर वेधशाळा आहे. ओले रोमर हा ज्योतिषी तेथें काम करीत असे. तत्पूर्वीं पॅरिस येथें असतांना, गुरूच्या एका चंद्राचीं ग्रहणें कधीं लवकर तर कधीं उशिरां कां दिसतात ह्याचा विचार करतां करतां, प्रकाशालाही यावयास वेळ लागतो हें त्यानें १६७६ सालीं दाखविलें. त्याच्या वेधांचीं टिपणें बहुतेक सर्व १७२८ सालच्या आगींत जळालीं. शेजारच्या देवळाच्या माळ्यावर विद्यापीठाचें ग्रंथालय होतें, तेंही त्याच आगींत गेलें. एका पिढीनें जपलेल्या पोथ्या एका रात्रींत जाव्यात, ह्याचें दुःख देशपरत्वें बदलत नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं जलकन्येचा पुतळा पाहिला. अँडरसनच्या कथेवरून एडवर्ड एरिक्सन ह्या शिल्पकारानें तो घडविला आणि १९१३ सालीं समुद्रकांठच्या खडकावर बसविला. पुतळा सव्वा मीटर उंचीचा. भोंवतीं छायाचित्रें घेणाऱ्यांची गर्दी त्याच्या पन्नासपट. १९६४ सालीं आणि पुन्हां १९९८ सालीं कोणी तरी त्याचें मस्तक कापून नेलें होतें. मीं दहा मिनिटें उभें राहून परत फिरलों.

दुपारीं ख्रिश्चन्सहाव्न ह्या भागांत "आशियाई चौक" नांवाच्या जागीं गेलों. डेनिश आशियाई कंपनीचीं जहाजें येथून पूर्वेकडे निघत. डेन्मार्कचा आणि आपला संबंध पुष्कळांच्या ध्यानांत नसतो. १६२० सालीं तंजावरच्या रघुनाथ नायकानें त्यांना तरंगमबाडी येथें वखार घालूं दिली. पुढें तंजावरास भोसल्यांचें राज्य झालें, आणि ह्या डेनिश लोकांनीं वर्षांचा खंड मराठी दरबारांत भरला. बंगाल्यांत १७५५ सालीं त्यांनीं श्रीरामपूर घेतलें. इंग्रज कंपनी आपल्या मुलखांत मिशनऱ्यांना थारा देईना, म्हणून विल्यम केरी १८०० सालीं ह्या डेनिश गांवीं येऊन राहिला. आणि त्याचें मराठी व्याकरण १८०५ सालीं व मोडी ठशांतला मराठी कोश १८१० सालीं तेथेंच छापून निघाला. १८४५ सालीं डेनिशांनीं दोन्ही ठाणीं इंग्रजांना विकून टाकलीं. म्हणजे आपल्या भाषेचीं आरंभींचीं छापील पानें तांबड्यावर पांढरा क्रूस असलेल्या त्या निशाणाखालीं वाळलीं! चौकांत हें सांगावयास कोणी नव्हतें. शेजारीं उभ्या असलेल्या एका सायकलवाल्याला मीं सांगणारच होतों. पण तेथें सायकली इतक्या वेगानें जातात कीं वाक्य पुरें होत नाहीं.

चौथा दिवस मीं राखून ठेवला होता. शहराच्या उत्तरेस आसिस्टेन्स नांवाची जुनी दफनभूमि आहे. अँडरसन, तत्त्ववेत्ता कीर्केगार्ड आणि अणुशास्त्रज्ञ नील्स बोर हे तिघेही तेथेंच विसावले आहेत. आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण लोक तेथें गवतावर लोळतात, पुस्तकें वाचतात, बाळांच्या गाड्या फिरवितात. मला हवी होती ती रास्मुस रास्क ह्याची समाधि. ती सांपडेना, तेव्हां एका माळ्याला इंग्रजींत विचारलें. तो फावडें ठेवून बरोबर आला आणि वाटेंत सहज म्हणाला, "आपले कोणी नातलग का?" "होय, लांबचे," असें माझ्या तोंडून निघून गेलें.

रास्क गरिबाघरचा. १७८७ सालीं जन्मला आणि उत्तर युरोपांतील भाषा ग्रीक व लॅटिन ह्यांच्या सख्ख्या बहिणी कशा, हें त्यानें १८१८ सालीं छापलेल्या निबंधांत दाखविलें. शब्दाशब्दांचें नुसतें साम्य तोंवर कितीकांनीं दाखविलें होतें. ह्यानें दाखविलें कीं, एका घरच्या भाषा वेगळ्या निघाल्या त्या नियमानें निघाल्या: एकीकडचा "प" दुसरीकडे "फ" होतो, तो सर्व शब्दांत होतो. त्या निबंधांत संस्कृताचा आधार त्यानें घेतलेला नव्हता. मग पूर्वेकडच्या भाषा प्रत्यक्ष पाहाव्या म्हणून रशिया व इराणमार्गें हा एकटा मनुष्य १८२० सालीं मुंबईस आला. तेथें पारशी पंडितांकडून अवेस्ता अभ्यासली, पुढें सिंहलद्वीपांत पाली शिकला, आणि १८२३ सालीं पोथ्यांच्या गाठोड्यांसह घरीं परतला. लग्न केलें नाहीं. पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक झाला तो १८३१ सालीं, आणि पुढच्याच वर्षीं क्षयानें गेला. तेव्हां पंचेचाळीसही पुरीं झालेलीं नव्हतीं.

समाधीच्या दगडावर डेनिश आहे, अरबी आहे, उत्तरेकडील प्राचीन भाषा आहे, आणि संस्कृत आहे. डेनिश वाक्याचा आशय असा कीं, मनुष्याच्या हातून जें जें होण्यासारखें आहे तें सर्व तो आपल्या देशाचें देणें लागतो. संस्कृत वाक्य लहानसें, सत्याची थोरवी सांगणारें. तें मीं मोठ्यानें वाचलें. चार दिवसांत मोठ्यानें उच्चारलेलें माझें पहिलें संस्कृत तें. माळी टोपी काढून उभा राहिला. त्याला बहुधा मी प्रार्थना करतों आहें असें वाटलें.

तो गेल्यावर मी शेजारच्या बांकावर बसलों. पितृ आणि फादेर, भ्रातृ आणि ब्रोदेर, हे वेगळे होऊन हजारों वर्षें झालीं. तरी एका रास्कानें सांगतांच ओळख पटते, कारण त्यांच्या वाटणीला नियम होता. आमच्या वाटणीला कोणता होता, हें मला सांगतां येईना. खिशांतलें कार्ड काढलें आणि लिहिलें: "तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. येथें रास्क ह्याची समाधि पाहिली. दगडावर संस्कृत आहे. आपण जिन्यांत पितृशब्द चालवून घेत होतां, आणि द्विवचनाला मी अडखळत असें, त्याची आठवण झाली. कळावें." एवढ्यानेंच कार्ड भरलें.

सायंकाळीं टपालाची पेटी शोधूं लागलों, तों पेटी कोठेंच नाहीं! एका दुकानदारानें सांगितलें कीं, डेन्मार्कच्या टपालखात्यानें पत्रें वांटण्याचें काम बंद केलें; शेवटचें पत्र ३० डिसेंबर २०२५ रोजीं दिलें, आणि रस्त्यांतल्या तांबड्या पेट्या काढून नेल्या. हें खातें १६२४ सालीं स्थापन झालें होतें, आणि स्थापणारा गोल मनोरेवाला तोच चौथा ख्रिश्चन. आतां पत्रें एक खासगी कंपनी नेते. परंतु तीं ठराविक दुकानांत नेऊन द्यावीं लागतात. तें दुकान त्या वेळीं बंद झालें होतें, आणि माझी गाडी सकाळची. कार्ड शब्दकोशांत खुणेसारखें घालून मीं परत आणलें.

घरीं आल्यावर तिसऱ्या दिवशीं सकाळीं दादा जिन्याच्या खालच्या पायरीवर वर्तमानपत्र वाचीत बसले होते. मी उतरत होतों. नेहमींप्रमाणें ते सरकूं लागले, तेव्हां मीं कार्ड पुढें केलें. त्यांनीं चष्मा पुसून तें वाचलें, उलटून कुटाचें चित्र पाहिलें, पुन्हां वाचलें.

"तिकीट लावलेलें नाहीं," ते म्हणाले.

"तेथें टपाल बंद झालें, दादा."

"बंद झालें? तें कसें?" असें म्हणून त्यांनीं वर्तमानपत्राची घडी केली, आणि पायरीवर मला बसावयास जागा करून दिली.